हिरवळीचा राखणदार

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचं एक लहानसं गाव आहे. १८४३ साली ह्या गावातल्या पॅटरसन नावाच्या कुटुंबाकडे पूर्वेकडून एक लाकडी पेटी आली, अशी आख्यायिका आहे. पेटीत विष्णूची काळ्या संगमरवराची मूर्ती होती. बोटीच्या लांबलचक प्रवासात मूर्तीला धक्का लागू नये म्हणून तिच्याभोवती गटापर्चा ठासून भरलेला होता. गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा वाळलेला चीक. गरम पाण्यात घातला की कणकेसारखा मऊ होतो, गार झाला की दगडासारखा घट्ट. घरातला मुलगा धर्मशास्त्र शिकत होता आणि गोल्फचा नादिष्ट होता. खिशात पैसे मात्र बेताचे. त्यानं मूर्ती बाजूला ठेवली, तो चीक मऊ केला आणि हातावर वळून त्याचा चेंडू बनवला.

ह्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. विष्णूला दूरदेशी खेळातसुद्धा अवतारकार्य करावं लागलं, एवढीच मौज आपण घ्यावी. पण १८४८ च्या सुमाराला गटापर्च्याचे चेंडू बाजारात आले, हे मात्र खरं. त्या चेंडूनं सेंट अँड्र्यूजमधल्या एका विणकराच्या मुलाची नोकरी घालवली. त्या मुलाचं नाव टॉम मॉरिस. आज तुम्ही दूरदर्शनवर जो गोल्फ पाहता, त्यातली मखमली हिरवळ, तिची निगा, खेळाची विजेतेपदाची स्पर्धा, ह्या सगळ्यांची मुळं शोधत गेलं की वाट ह्या दाढीवाल्या माणसाच्या दुकानाशी येते.

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साहेब उभा राहतो. कॅम्पात, महाबळेश्वरला, नाशिकजवळच्या छावणीत गोऱ्या साहेबानं ठेवून दिलेला आणि नंतर आपल्या साहेबांनी उचललेला खेळ. मीही बँकेत असताना बड्या कर्जदारांच्या तोंडून गोल्फच्या गोष्टी ऐकल्या त्या त्याच नात्यानं. हा खेळ मुळात समुद्रकाठच्या निरुपयोगी जमिनीवर वाढला, आणि तो वाढवणारे हात साळी, सुतार, लोहार आणि कॅडी ह्यांचे होते, हे मला निवृत्तीनंतर कळलं. निवृत्त माणसाला अशा नसत्या गोष्टी कळायला वेळ मिळतो.

त्या जमिनीला तिकडे लिंक्स म्हणतात. समुद्र मागे सरकला की जी वाळूची, खुरट्या गवताची, उंचसखल पट्टी उरते ती. आपल्या कोकणातल्या माणसाला पुळण म्हटलं की चित्र उभं राहील. फक्त माड काढून टाका, काटेरी झुडपं घाला आणि वारा चौपट करा. तिथं शेती होत नाही. मेंढ्या चरतात आणि ससे बिळं करतात. मेंढ्या आणि ससे गवत कुरतडून कुरतडून गालिच्यासारखं करत. वाऱ्यापासून आडोसा घ्यायला मेंढ्या जिथं बसत, तिथं वाळू उघडी पडून खड्डे होत. आजच्या खेळाडूंची झोप उडवणारे बंकर ते हेच, असं जाणकार सांगतात. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा आराखडा कुणा एका माणसानं काढलेला नाही. शेकडो वर्षं लोक तिथं खेळत आले. १७६४ साली बावीस होलचे अठरा केले, आणि पुढे जगभर अठरा हा आकडा रूढ झाला.

१७९७ साली ह्या गावच्या नगरपालिकेचं दिवाळं वाजलं. कर्जापायी त्यांनी ही जमीन विकून टाकली आणि ती सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. त्यांना मांस आणि कातडी हवी, तेव्हा त्यांनी ससे मोकाट वाढवले. गोल्फच्या मैदानाची चाळण झाली. खेळणारे विरुद्ध ससेवाले असा तंटा कोर्टात गेला आणि वीसेक वर्षं चालला. कर्जवसुलीची प्रकरणं मी जन्मभर पाहिली, पण सशांनी गहाण मालमत्ता पोखरल्याचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं नाही. शेवटी १८२१ साली जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदारानं ती जमीन विकत घेतली आणि खेळ वाचवला. योगायोग असा, की त्याच वर्षी, १६ जून १८२१ रोजी, ह्या गावात टॉम मॉरिस जन्मला.

बाप जॉन हातमागावर विणायचा. त्या काळी यंत्रमागांनी विणकरांचे हाल सुरू केलेच होते. गावातली पोरं सहा-सात वर्षांची झाली की काठी घेऊन रस्त्यात बाटलीच्या बुचाला टोले मारायची. टॉमही तसाच. चौदाव्या वर्षाच्या आसपास त्याला अ‍ॅलन रॉबर्टसनच्या हाताखाली शागीर्द म्हणून ठेवलं. चार वर्षं उमेदवारी, नंतर पाच वर्षं पगारी कारागीर.

अ‍ॅलन रॉबर्टसन हा त्या काळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू. पण त्याचं पोट खेळावर नव्हतं, चेंडूंवर होतं. तेव्हाचा चेंडू पिसांचा. बैलाच्या किंवा घोड्याच्या कातड्याचे तुकडे शिवून लहान पिशवी करायची, ती उलटी करायची आणि एका बारक्या भोकातून तिच्यात हंसाची उकडलेली पिसं लोखंडी सळईनं कोंबायची. उंच टोपीभर पिसं एका चेंडूत जात. छातीचा जोर लावून भरावं लागे. ओलं कातडं वाळताना आकसे, पिसं वाळताना फुगत, आणि चेंडू टणक होई. एक माणूस दिवसाला तीन-चार चेंडू करी. पिसांचा बारीक कस छातीत जाई आणि हे कारागीर फार जगत नसत. असा चेंडू पावसात भिजला की जड होई आणि शिवणीवर बसला की फुटे. किंमत काठीच्या किमतीच्या बरोबरीला जाई. रॉबर्टसनच्या स्वयंपाकघरातल्या त्या कारखान्यातून १८४४ साली २,४५६ चेंडू बाहेर पडल्याची नोंद आहे. त्यांतले किती टॉमच्या छातीच्या जोरावर भरले गेले असतील!

दोघं मैदानावर जोडीनं उतरत आणि जोडी अजिंक्य म्हणवली जाई. १८४९ साली मसलबराच्या डन बंधूंशी ४०० पौंडांच्या पैजेचा सामना झाला. पैसे अर्थात पैज लावणाऱ्या श्रीमंतांचे. हरायला टेकलेला तो सामना ह्या दोघांनी शेवटच्या टप्प्यात ओढून आणला. मात्र रॉबर्टसन टॉमविरुद्ध एकट्यानं मोठ्या सामन्यात कधी उतरला नाही. चेला कुठवर आला आहे हे गुरूला कळत असावं.

आणि मग गटापर्चा आला. पावपट किमतीत मिळणारा, न भिजणारा, दबला तर गरम पाण्यात घालून पुन्हा गोल करता येणारा चेंडू. रॉबर्टसननं ओळखलं की हा आपल्या चुलीवर उठला आहे. पोरांना पैसे देऊन तो झुडपांत हरवलेले नवे चेंडू गोळा करून आणवी आणि जाळून टाकी. टॉमकडून त्यानं ह्या चेंडूनं न खेळण्याचं वचन घेतलं होतं. एके दिवशी कॅम्पबेल नावाच्या एका गृहस्थाबरोबर खेळताना टॉमचे चेंडू संपले. त्यांनी आपला गटापर्च्याचा चेंडू देऊ केला आणि टॉम त्यानं खेळत परत येऊ लागला. समोरून रॉबर्टसन येत होता. कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं. दुकानात दोघांची बोलाचाली झाली, आणि टॉम कारखाना सोडून बाहेर पडला तो कायमचा.

मला इथं बँकेत संगणक आले तेव्हाचे दिवस आठवतात. आमच्या शाखेत एक वयस्कर हेडक्लार्क होते. त्यांच्या हातची लेजरची पानं छापल्यासारखी असत. ऑडिटर ती इतर शाखांत नमुना म्हणून दाखवत. संगणक आला त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्षभर ते रात्री थांबून छापील बेरजा हातानं ताडून पाहत आणि एकही चूक सापडत नाही म्हणून उदास होत. रॉबर्टसनवर मला म्हणूनच फार रागावता येत नाही. आणि गंमत पाहा, १८५८ साली ओल्ड कोर्स ८० च्या आत, ७९ फटक्यांत, पहिल्यांदा खेळून दाखवला तो ह्या रॉबर्टसननंच, आणि तोही गटापर्च्याच्या चेंडूनं. तोवर गुरू-चेल्याचा अबोलाही संपला होता.

टॉमनं अ‍ॅग्नेस बेन हिच्याशी १८४४ साली लग्न केलं होतं. घरात तिला नॅन्सी म्हणत. पहिला मुलगा टॉम चार वर्षांचा होऊन १८५० साली गेला. पुढच्या एप्रिलमध्ये दुसरा झाला, त्याचंही नाव टॉमच ठेवलं. गेलेल्याचं नाव पुन्हा ठेवावं की ठेवू नये ह्यावर आपल्याकडेही घराघरांत वाद होतात. मॉरिस नवराबायकोनं ठेवलं. ह्या तान्ह्या टॉमीला घेऊन १८५१ साली ते पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला गेले. कर्नल फेअरली ह्या जमीनदारानं तिथल्या नव्या क्लबचा राखणदार म्हणून टॉमला बोलावलं होतं. टॉमनं तिथल्या वाळूच्या टेकड्यांत बारा होलचं मैदान आखलं.

प्रेस्टविकला त्याच्या हाती एक गुपित लागलं. असं सांगतात, की एकदा त्याच्या हातून वाळूची ढकलगाडी हिरवळीवर कलंडली. काही आठवड्यांनी पाहतो तर नेमक्या त्या जागी गवत दाट आणि निरोगी. तेव्हापासून वाळू हा त्याचा मंत्र झाला. हिरवळीवर पातळ थर वाळूचा, पुन्हा थोड्या दिवसांनी वाळूचा. हाताखालच्या माणसांना तो एकच सांगे, आणखी वाळू टाका. गवत दिसेनासं झालं म्हणून खेळणारे कुरकुरत. तो हसून आणखी वाळू टाके. आजही जगभरच्या मैदानांवर हेच करतात.

१८५९ साली रॉबर्टसन काविळीनं गेला. आता सगळ्यांत मोठा खेळाडू कोण, हा प्रश्न सोडवण्यासाठी प्रेस्टविकच्या क्लबनं १७ ऑक्टोबर १८६० रोजी स्पर्धा भरवली. ती पहिली ओपन. खेळाडू किती? आठ. बारा होलच्या तीन फेऱ्या एका दिवसात. बक्षीस म्हणून लाल कातड्याचा, चांदीच्या बकलाचा एक पट्टा. पैसा एकही नाही. खेळणारे कॅडी आणि कारागीर, त्यांचे कपडे उमरावांना बरे दिसेनात, म्हणून आपल्या मजुरांची चौकड्यांची जाकिटं त्यांना घालायला दिली, असं सांगतात. मैदान टॉमचं होतं, पण पट्टा नेला विली पार्कनं, १७४ फटक्यांत. टॉमला १७६ लागले.

पुढच्या सात वर्षांत टॉमनं तो चार वेळा जिंकला, १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ साली. १८६२ साली तो तेरा फटक्यांच्या फरकानं जिंकला. मोठ्या स्पर्धांतला हा विक्रम टायगर वुड्सनं मोडला तो २००० साली. १८६७ साली टॉम ४६ वर्षांचा होता. त्याहून वयस्कर माणूस अजूनपर्यंत ओपन जिंकलेला नाही. एवढ्या मोठ्या खेळाडूची एक खोड मात्र गावभर ठाऊक होती. दूरचे फटके बिनचूक, आणि होलपाशी हातभर अंतरावरून चेंडू आत घालताना हात कापे. एका खट्याळ माणसानं पाकिटावर त्याचं नाव न घालता, जवळचे फटके हुकवणारा, प्रेस्टविक, एवढंच लिहून पत्र टाकलं. पोस्टमननं ते थेट टॉमच्या हातात दिलं, आणि टॉमनं ते पुढे हसत हसत लोकांना दाखवलं. खेळातला हा गुण मला त्याच्या पट्ट्यांहून मोठा वाटतो.

१८६४ साली सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबनं त्याला घरी परत बोलावलं. वर्षाला ५० पौंड पगार, मैदानाच्या खर्चाला २० पौंड. अवजारं म्हणून एक ढकलगाडी, एक कुदळ आणि एक फावडं त्याच्या ताब्यात देण्यात आलं. जड कामाला आठवड्यातून दोन दिवस एक गडी. बस. जगातल्या सगळ्यांत नामांकित मैदानाची डेडस्टॉक यादी एवढीच! ह्या सामानावर त्यानं पुढची ३९ वर्षं काढली. काटेरी झुडपं मागे हटवून मैदान रुंद केलं, पहिल्या होलची नवी हिरवळ केली, अठराव्याची उभारली, गवतावर कापणीचं यंत्र फिरवलं. पूर्वी होलपासून चार पावलांवर पुढच्या खेळाची सुरुवात करत, त्यामुळे हिरवळ तुडवली जाई. त्यानं सुरुवातीच्या जागा वेगळ्या केल्या. अठराव्या होलशेजारीच त्यानं दुकान आणि घर केलं. पहाटे उठून समुद्रात डुबकी मारायची, हिवाळ्यातसुद्धा, आणि मग दिवसाचं काम. तो समुद्र मी मे महिन्यात बोटानं चाचपून पाहिला आहे. डुबकीचा विषय मी घरी काढलाच नाही.

रविवारी मात्र मैदान बंद. टॉम चर्चचा एल्डर होता, सश्रद्ध होता. पण त्याचं म्हणणं असं, की खेळणाऱ्यांना विश्रांती नको असेल, मैदानाला हवी आहे. ओल्ड कोर्स आजही एरवी रविवारी खेळाला बंद असतो. गावातली माणसं कुत्री घेऊन, बाबागाड्या घेऊन तिथून फिरतात. एरवी ज्या गवतावर पाय टाकायला जगभरचे लोक नंबर लावतात, त्यावर रविवारी पोरं पळतात. माझा पुतण्या एडिंबर्गला असतो. त्याच्याबरोबर ल्यूकर्सपर्यंत आगगाडीनं आणि तिथून बसनं (सेंट अँड्र्यूजचं स्टेशन १९६९ सालीच बंद झालं) आम्ही एका रविवारी तिथं गेलो. अठराव्या हिरवळीच्या कडेनं चाललो. स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर बायकोनं फोटो काढून घेतला. मला वाटलं होतं पूल मोठा असेल. आपल्याकडे शेतातल्या पाटावर याहून मोठा असतो.

ओल्ड कोर्सवर खेळण्याची माझी पात्रता नाही. पण त्याच्या कडेला टॉमनंच १८६७ साली बायकांसाठी आखून दिलेलं एक मैदान आहे, फक्त जवळचे फटके मारण्याचं. त्या काळी बाईनं काठी खांद्याच्या वर उचलून टोला मारणं अशोभनीय मानत, म्हणून ही सोय. जमीन अशी चढउताराची, की गावानं त्याला नाव दिलं आहे हिमालय. थोडे पैसे भरले की कुणालाही खेळता येतं. मी आणि बायको हिमालयावर अठरा होल खेळलो. माझे फटके किती झाले ते सांगत नाही. बायकोचे माझ्याहून कमी झाले. चेंडू होलच्या काठावर येऊन, विचार करून, उताराला परत आपल्या पायाशी येतो, तेव्हा टॉमचा हात का कापत असेल ते समजलं.

आता मुलाकडे वळतो. तोच खरा ह्या घराचा कळस. १८६८ साली सतराव्या वर्षी टॉमीनं ओपन जिंकली. दुसरा आला त्याचा बाप. १८६९ साली पुन्हा पहिला मुलगाच. आणि ह्या खेपेला मुलानं एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये घातला. १८७० साली त्यानं ३६ होल १४९ फटक्यांत पुरे केले, दुसऱ्याहून बारा कमी. लागोपाठ तीनदा जिंकणाऱ्याला पट्टा कायमचा, असा नियम होता. पट्टा मॉरिसांच्या घरी गेला आणि बक्षीसच उरलं नाही म्हणून १८७१ साली स्पर्धा झाली नाही! मग तीन क्लबांनी मिळून ३० पौंडांत चांदीची सुरई करायची ठरवली. तीच आजची क्लॅरेट जग. १८७२ साली टॉमीच जिंकला. सुरई तयार नव्हती, त्याला पदकावर भागवावं लागलं, पण तिच्यावर कोरलेलं पहिलं नाव त्याचंच आहे. बापाप्रमाणे तो उमरावांपुढे टोपी काढून उभा राहत नसे. पैजेचे पैसे त्यांचे आणि घाम आपला, हा हिशेब त्याला मान्य नव्हता. बापाला हे रुचत नसावं, आणि मनातून आवडतही असावं. आपल्या घरात पहिल्यांदा साहेबासमोर खुर्ची ओढून बसलेला मुलगा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

१८७४ साली टॉमीनं मार्गारेट ड्रिनन ह्या खाणकामगाराच्या मुलीशी लग्न केलं. ती वयानं त्याच्याहून बरीच मोठी, एडिंबर्गला घरकाम करणारी. पुढच्या सप्टेंबरात तिचे दिवस भरत आले असताना बाप-लेक नॉर्थ बेरिकला विली आणि मंगो पार्क ह्या भावांशी सामना खेळायला गेले. सामना संपत आला असताना सेंट अँड्र्यूजहून तार आली. मार्गारेट अडली आहे, ताबडतोब या. सांगणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. कुणी म्हणतात, तार सामना संपल्यावर हाती आली. कुणी म्हणतात, दोन होल राहिले असताना ती टॉमच्या हातात पडली; त्यानं ती खिशात घातली, सामना पुरा होऊ दिला आणि मग मुलाला दिली. सामना मॉरिसांनी जिंकला.

१९८०-९० च्या दशकात कोकणातल्या एका शाखेत मी अशी खिशातली तार पाहिली आहे. कॅशियरच्या नावे दुपारी तार आली. मॅनेजरांनी ती वाचली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. कॅश ताळ्यात बसेपर्यंत कॅशियरला जाता येत नाही, आणि हात थरथरले तर ती रात्रीपर्यंत बसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पाच वाजता कॅश बंद झाली, तेव्हा दारात जीप तयार होती आणि मॅनेजर स्वतः त्याच्याबरोबर गावी गेले. ते योग्य होतं का, ह्यावर आम्ही पुढे कित्येक वर्षं चहाच्या वेळी वाद घातला. कॅशियर स्वतः त्यावर कधीच काही बोलला नाही. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली; आता असा प्रश्न कुणाला पडायचा नाही, बातमी फोनवर थेट ज्याची त्याला जाते.

नॉर्थ बेरिकहून सेंट अँड्र्यूज सरळ रेषेत जवळ, पण मध्ये फोर्थची खाडी. तिच्यावरचा रेल्वेपूल झाला १८९० साली. आगगाडीनं फार वेळ लागला असता. एका गृहस्थानं आपली शिडाची नौका देऊ केली आणि दोघं निघाले. नौका सुटता सुटता दुसरी तार आली, ती टॉमनं वाचली, असं सांगितलं जातं. मार्गारेट आणि तिचा मुलगा, दोघंही गेले होते. सगळी खाडी ओलांडेपर्यंत बाप गप्प बसला आणि गाव जवळ आल्यावर त्यानं मुलाला सांगितलं. त्या नौकेतल्या तासांबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. कादंबरीकाराला तिथं चार पानं लिहिण्याचा मोह होतो. मी ती लिहिली होती, आणि फाडून टाकली.

टॉमी त्यानंतर चारच महिने जगला. नोव्हेंबर-डिसेंबरात त्यानं मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज हौशी खेळाडूशी सहा दिवसांचा सामना खेळला. बर्फ पडत होतं, हिरवळी झाडून घ्याव्या लागत होत्या. तो जिंकला. २५ डिसेंबर १८७५ च्या सकाळी तो बापाच्या घरात बिछान्यात मेलेला आढळला. फुफ्फुसातली रक्तवाहिनी फुटली होती. वय २४. लोक म्हणाले, पोराचं काळीज फुटलं. ह्यावर टॉमचं म्हणणं असं होतं, की दुःखानं काळीज फुटत असतं तर तो स्वतःही इथं उरला नसता.

साठ गोल्फ संस्थांनी वर्गणी काढून १८७८ साली टॉमीचं स्मारक उभं केलं. कॅथेड्रलच्या भग्न भिंतीपाशी संगमरवरात कोरलेला तो तरुण, डोक्यावर स्कॉटिश टोपी, खाली वाकून फटक्याच्या तयारीत उभा आहे. नॅन्सी १८७६ साली गेली. धाकटा जॉन जन्मापासून पायांनी अधू, दुकानात बसून काम करी. तो १८९३ साली गेला. मुलगी एलिझाबेथ १८९८ साली. शेवटचा जेम्स, ज्याला फेअरलीसाहेबांचं नाव दिलं होतं, १९०६ साली. म्हाताऱ्याच्या पाठीमागे एकही अपत्य उरलं नाही.

ह्या सगळ्या वर्षांत तो काम करत राहिला. दिवसाला एक पौंड मेहनताना घेऊन गावोगाव मैदानं आखत फिरला. मुईरफील्ड, मॅक्रिहॅनिश, आयर्लंडमधलं लाहिंच आणि रॉयल काउंटी डाउन. आज ह्या नावांवर कोट्यवधींची उलाढाल चालते. अमेरिकेत पुढे शेकडो मैदानं आखणारा डोनल्ड रॉस त्याच्याच दुकानात शिकला. ओपनमध्ये तो वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत खेळत राहिला. मुंबईतल्या गोल्फवाल्यांनी सेंट अँड्र्यूजच्या क्लबाला दिलेलं बॉम्बे मेडल नावाचं रौप्यपदक त्याच्या डोळ्यांदेखत खेळलं जाई. हिंदुस्थानातून निवृत्त होऊन आलेल्या मेजर-कर्नलांची त्या गावात वाण नव्हती. गावाचा कायापालट करणारा नगराध्यक्ष ह्यू लायन प्लेफेअर बंगालच्या तोफखान्यातून आलेला. पण क्लबाच्या दिवाणखान्यात टॉम कधी सभासद म्हणून बसला नाही. तो त्यांचा नोकर होता. १९०३ साली तो निवृत्त झाला, तेव्हा क्लबानं सर जॉर्ज रीड ह्यांच्याकडून त्याचं तैलचित्र करवून घेतलं आणि ते आत भिंतीवर लावलं. पगार मात्र मरेपर्यंत चालू ठेवला. पेन्शनीसाठी आयुष्यभर अर्ज पुढे ढकलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे नमूद करावंसं वाटतं.

उतारवयात तो दुकानाच्या दारात किंवा अठराव्या हिरवळीच्या कडेला पाइप ओढत बसे. पांढरी दाढी, टोपी, खिशात हात. अठराव्या होलला त्याचंच नाव दिलेलं आहे. २४ मे १९०८, रविवार. मैदान बंद होतं. चर्चहून आल्यावर तो न्यू गोल्फ क्लबात मित्रांबरोबर बसला होता. ह्या क्लबात त्याला मान होता. थोड्या वेळानं उठला, बोळातून जाताना त्यानं चुकीचं दार उघडलं. ते तळघराच्या जिन्याचं होतं. वय ८६. डोक्याला मार लागला, आणि शुद्धीवर न येताच तो गेला.

अंत्ययात्रा गावातल्या मुख्य रस्त्यानं कॅथेड्रलकडे गेली. टॉमीच्या स्मारकाच्या पायथ्याशी, नॅन्सी आणि मुलं होती तिथंच, त्याला पुरलं. आम्ही गेलो त्या रविवारी त्या दगडावर कुणीतरी दोन-चार गोल्फचे चेंडू ठेवलेले होते. पुतण्याची धाकटी मुलगी त्यांतला एक उचलायला धावली, तिच्या आईनं तो परत जागेवर ठेवायला लावला.